अल्प आयुष्य, संसार आणि ख्रिस्तभक्ती

मराठी माणसाच्या लग्नात अंतरपाट धरला जातो, मंगलाष्टके म्हटली जातात आणि प्रत्येक अष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ हा शब्द येतो. जमलेली मंडळी अक्षता टाकतात आणि त्या शब्दाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. तो शब्द मनावर घेणारा एक मुलगा मात्र महाराष्ट्रात होऊन गेला. जांब गावच्या नारायण ठोसर नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने बोहल्यावर तो ऐकला आणि तो मंडपातून निघून गेला, ही समर्थ रामदासांची कथा घराघरांत सांगितली जाते. आयुष्य थोडे आहे, ते कोणत्या कामी लावायचे याचा निर्णय याच क्षणी घ्यावयास हवा, असा त्या एका शब्दाचा अर्थ त्या मुलाने लावला. त्या कथेत आणखी एक व्यक्ती आहे. अंतरपाटाच्या पलीकडे एक नवरी उभी होती. तिचे पुढे काय झाले, हे कथा सांगणाऱ्यांपैकी सहसा कोणी सांगत नाही आणि लोकांच्या स्मरणात तिचे नावही राहिलेले नाही.

पांढुर्णा आणि सौंसर या भागातील वाचकाला लग्न आणि मरण यांचे जवळचे नाते निराळे समजावून सांगावे लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. नदीत पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावला जातो आणि दोन्ही काठांवरून दगड फेकले जातात. एका गावचा मुलगा आणि दुसऱ्या गावची मुलगी नदी ओलांडून निघाली होती, दोन्ही बाजूंच्या दगडांखाली ती दोघेही नदीतच संपली, अशी या प्रथेमागची आख्यायिका सांगतात. ज्यांचा संसार सुरूच झाला नाही त्या दोघांची आठवण दरवर्षी दगडांनी जागवली जाते, आणि त्या आठवणीत आजवर अनेकांनी प्राण गमावले आहेत. मनुष्याचे आयुष्य किती अनिश्चित आहे, हे या मातीला ठाऊक आहे.

आयुष्य जर इतके अल्प असेल, तर ईश्वराला वाहून घेऊ पाहणाऱ्याने विवाह करावा की न करावा? हा प्रश्न वारकऱ्यांनी विचारला, महानुभावांनी विचारला, तसाच तो मराठी ख्रिस्ती मंडळींनीही विचारला. या शेवटच्या प्रवाहाची ओळख आपल्याकडे तुलनेने कमी आहे. वास्तविक नागपूरच्या छायेत वाढलेल्या या सीमावर्ती मुलखाशी त्याचा संबंध बराच जवळचा आहे. जुन्या मराठी ग्रंथालयात ‘स्मृतिचित्रे’ची प्रत नाही असे सहसा होत नाही, आणि या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर त्याच पुस्तकात आहे.

पौलाचे पत्र

ख्रिस्ती परंपरेत या विचाराचे मूळ संत पौलाने ग्रीसमधील करिंथ नगरीतील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आहे. हे पत्र इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याचे. करिंथकरांनी पौलाला विवाहाविषयी काही प्रश्न विचारले होते आणि पौलाने त्यांची उत्तरे दिली आहेत. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: काळ संकुचित झाला आहे आणि या जगाचे दृश्य रूप सरत चालले आहे. म्हणून ज्यांना बायको आहे त्यांनी ती नसल्यासारखे, जे रडतात त्यांनी रडत नसल्यासारखे, जे विकत घेतात त्यांनी आपल्याजवळ काहीच नसल्यासारखे राहावे. अविवाहिताला प्रभूच्या गोष्टींची चिंता असते, विवाहिताला जगाच्या गोष्टींची आणि जोडीदाराला संतुष्ट कसे करावे याची. त्यामुळे त्याचे मन दोहोंकडे ओढले जाते. पौल स्वतः एकटा होता आणि सर्वांनी आपल्यासारखे असावे असे त्याला वाटत होते.

परंतु याच अध्यायात पौलाने तीन गोष्टी मोठ्या सावधगिरीने सांगितल्या आहेत. पहिली अशी की ब्रह्मचर्य ही आज्ञा नव्हे. कुमारिकांविषयी आपल्याला प्रभूची आज्ञा नाही, आपण केवळ मत देत आहोत, असे तो स्पष्ट म्हणतो. दुसरी अशी की प्रत्येकाला ईश्वराकडून निरनिराळे दान मिळालेले असते, आणि विवाह करणारा पाप करीत नाही. तिसरी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. एखाद्याने ख्रिस्ताचा स्वीकार केला आणि त्याच्या पत्नीने केला नाही, परंतु ती त्याच्याजवळ नांदावयास तयार असेल, तर त्याने तिला सोडू नये.

म्हणजे आयुष्य अल्प आहे या जाणिवेतून पौलाने संसार सोडून पळून जाण्याचा निष्कर्ष काढला नाही. त्याने मुठीची पकड सैल करावयास सांगितली. स्वतः ख्रिस्त अविवाहित होता. तरीही योहानाच्या शुभवर्तमानात त्याचा पहिला चमत्कार काना गावच्या एका लग्नघरी, द्राक्षारस संपल्यामुळे यजमानाची फजिती होऊ नये म्हणून घडतो. ख्रिस्ती विचारात ही दोन टोके आरंभापासून अशी एकत्र नांदत आली आहेत.

दोन प्रकारचे धर्मोपदेशक

मराठी मुलखात ही दोन टोके दोन निरनिराळ्या वाटांनी आली. पहिली वाट गोव्याची. इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला. पुढील चाळीस वर्षे तो तेथेच राहिला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. १६१६ मध्ये छापून निघालेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे आणि मराठी भाषेची थोरवी गाणारे त्यातील प्रकरण आजही आदराने वाचले जाते. जेझुइट संघाच्या नियमाप्रमाणे स्टीफन्स आजन्म ब्रह्मचारी होता. आपला देश, आप्त आणि संसार या सर्वांच्या जागी त्याने एका परक्या भाषेला बसविले.

दुसरी वाट एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची. हे लोक बहुधा सपत्नीक येत. नागपूरला १८४५ मध्ये आलेले स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप हे त्यांपैकी एक. १८४६ मध्ये त्यांनी काढलेल्या शाळेच्या परंपरेतून १८८३ मध्ये नागपूरचे हिस्लॉप कॉलेज उभे राहिले. सौंसर–पांढुर्ण्याकडच्या कितीतरी मुलांनी पुढे उच्च शिक्षणासाठी नागपूरचा रस्ता धरला, त्या रस्त्यावरील हे एक जुने ठिकाण. हिस्लॉप भूगर्भशास्त्राचे आणि गोंड समाजाचेही अभ्यासक होते. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट परिसरातील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास ते गेले असता परतीच्या वाटेवर पूर आलेल्या एका नाल्यात त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे सेहेचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या मागे पत्नी आणि मुले राहिली. गोंडांविषयी त्यांनी जमविलेली टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणून ती वाचली. नाल्याच्या एका लोंढ्यात सर्व काही वाहून जाते, हे पौलाने लेखणीने सांगितलेले सत्य नागपूरकरांनी असे डोळ्यांनी पाहिले.

छिंदवाड्याच्या बाजूला याच फ्री चर्चचे डॉसन गोंडांमध्ये काम करीत होते. त्यांनी जमविलेले गोंडी शब्द आणि वाक्प्रचार १८७० मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत आले. पुढे छिंदवाड्यातील हे काम स्वीडनच्या लूथरपंथी मिशनकडे गेले आणि त्याच्यातून मध्य प्रदेशातील लूथरन चर्च वाढले. गावकऱ्यांना या मिशनऱ्यांच्या बंगल्यात नवराबायको एकाच मेजावर जेवताना आणि एकाच प्रार्थनेत बसताना दिसत. उपदेशाआधी हा संसारच लोकांच्या नजरेत भरला असणार. तथापि हा आणलेला नमुना होता. ब्रह्मचारी जेझुइट आणि कुटुंबवत्सल पाद्री या दोघांपैकी कोणाचीही हुबेहूब नक्कल मराठी मनाला करता आली नाही. त्याला आपली वाट काढावी लागली आणि तीसाठी बरेच सोसावे लागले.

नीलकंठशास्त्री गोरे

मराठी मुलखाच्या बाहेर, बुंदेलखंडात वाढलेल्या एका चित्पावन कुटुंबातील नीलकंठशास्त्री गोरे हे या सोसण्याचे आरंभीचे उदाहरण. त्यांचा जन्म १८२५ चा आणि विद्याध्ययन काशीचे. ख्रिस्ती धर्माचे खंडन करण्याच्या हेतूने त्यांनी वाद सुरू केला आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या झाले. १८५३ मध्ये त्यांना मुलगी झाली आणि त्यानंतर थोड्याच काळात पत्नी लक्ष्मीबाई निवर्तली. गोरे यांनी पुन्हा लग्न केले नाही. ते धर्मगुरू झाले, ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील ब्रह्मचारी संघात उमेदवार म्हणून राहिले. परंतु अत्यंत चिकित्सक स्वभावामुळे त्यांनी संघाची अंतिम शपथ घेतली नाही. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते फादर गोरे म्हणून सर्वत्र परिचित होते.

त्यांची मुलगी एलेन लक्ष्मी गोरे दुसऱ्यांच्या घरी वाढली, इंग्लंडमध्ये शिकली आणि १८८० मध्ये भारतात परतून तिने आयुष्य सेवाकार्यात घालविले. तीही अविवाहित राहिली. तिने इंग्रजीत रचलेली भक्तिगीते जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत गाइली गेली. पित्याचे एकटेपण आणि कन्येचे एकटेपण यांत फरक आहे. पित्याच्या वाट्याला ते पत्नीच्या मृत्यूने आले आणि त्याने ते व्रत म्हणून स्वीकारले. कन्येला आईचा सहवास लाभला नाही आणि बापाचा पुरता लाभला नाही. भक्ताने आपले आयुष्य देवाला दिले की त्याच्या मुलाबाळांचे आयुष्यही नकळत त्याच दानात जमा होते. हा हिशेब भक्तचरित्रांत क्वचितच मांडला जातो.

रमाबाई आणि मनोरमा

फादर गोरे यांच्या विचारांचा प्रभाव ज्यांच्यावर पडला त्यांत पंडिता रमाबाई प्रमुख होत. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी आयुष्याचे क्षणभंगुरत्व पुस्तकात वाचण्याआधी अनुभवले होते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये बंधू श्रीनिवासशास्त्री गेले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबाह्य नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. पुरती दोन वर्षेही न टिकलेला तो संसार होता. विवाहसुख म्हणजे काय हे रमाबाईंना कळले होते आणि ते किती लवकर हातातून निसटते हेही कळले होते.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तेथील भगिनीसंघाच्या अविवाहित स्त्रियांचे सेवाकार्य त्यांनी पाहिले. नवरा नाही म्हणून जिचे आयुष्य वाया गेले असे कोणी म्हणत नाही, अशी स्त्री त्यांनी तेथे पाहिली. मराठी समाजात एकटी स्त्री म्हणजे विधवा किंवा टाकलेली. एकटेपण हे तिच्या कपाळी आलेले असे, तिने निवडलेले नसे. रमाबाईंचे १८८७ चे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचे इंग्रजी पुस्तक बालपण, विवाहित अवस्था आणि वैधव्य या तीन टप्प्यांनीच स्त्रीचे आयुष्य मांडते. लग्नाशिवाय चौथा टप्पा तेथे नव्हता. १८८९ मध्ये मुंबईत ‘शारदा सदन’ काढून आणि पुढे केडगावला ‘मुक्ती’ उभारून त्यांनी तो चौथा टप्पा निर्माण केला.

या कार्याचा आपल्या प्रदेशाशी प्रत्यक्ष संबंध आला तो १८९६–९७ च्या दुष्काळात. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरल्या. स्वतःचे आईवडील ज्या भुकेने नेले तीच भूक त्यांनी येथल्या मुलींच्या चेहऱ्यांवर पाहिली आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी सोबत नेल्या. त्यांतल्या काहींची पुढे लग्ने झाली, काही आजन्म अविवाहित राहून शिक्षिका झाल्या, काहींनी छापखान्यात खिळे जुळविले. संपूर्ण बायबलचे रमाबाईंनी केलेले सोपे मराठी भाषांतर मुक्तीच्या छापखान्यात बायकांच्याच हातांनी छापले गेले. लग्न करणे किंवा न करणे यांपैकी कोणत्याही एका गोष्टीला तेथे मोक्षाचा दर्जा नव्हता. जिला जे दान मिळाले ते तिने वापरावे, हे पौलाचे सूत्र केडगावच्या माळावर असे व्यवहारात आले.

मनोरमाबाई अविवाहित राहिल्या आणि आईच्या कामाचा भार वाहत जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेल्या. वारस म्हणून जिच्याकडे पाहिले ती मुलगीच आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचे उरलेले काम पुरे केले आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला. पतीच्या मृत्यूनंतरच्या चाळीस वर्षांत त्यांनी दुसरा विवाह केला नाही. त्या चाळीस वर्षांचा हिशेब मात्र कोणालाही थक्क करील.

टिळक आणि लक्ष्मीबाई

रमाबाईंचे एकटेपण मृत्यूने दिलेले होते. पती जिवंत असताना, त्याच्या भक्तीमुळे एकटेपण आले तर काय? हा प्रश्न लक्ष्मीबाई टिळकांच्या वाट्याला आला.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा. जलालपूरच्या गोखल्यांची मनू लग्नानंतर लक्ष्मी झाली तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. टिळक कवी, वक्ते, अस्थिर वृत्तीचे आणि कमालीचे उदार. नागपुरात श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला असताना त्यांनी प्राचीन संस्कृत वाङ्मयाचे काम केले. पुढे राजनांदगावच्या संस्थानात नोकरीसाठी जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. त्याने त्यांच्या हाती ‘नवा करार’ दिला आणि तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या इतिहासाला वळण देणारी ही भेट मध्य प्रांतातील रेल्वेच्या डब्यात घडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंसाठी तो दिवस म्हणजे ध्यानीमनी नसता कोसळलेले आकाश होते. त्या विधवा नव्हत्या, कारण कपाळी कुंकू होते. सवाष्ण म्हणून नांदता येईल अशी जागाही नव्हती, कारण नवरा जातीबाहेर गेला होता. दत्तू हा लहानगा मुलगा पदरी होता. त्याच्या आधीच्या मुलांचे मरण त्यांनी पाहिले होते. आप्तांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरास, त्यांनी ही वर्षे काढली. रामदासांच्या मंडपातील नवरीचे पुढे काय झाले हे लोकांना ठाऊक नाही. लक्ष्मीबाईंचे काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले.

टिळकांपुढे त्या काळी एक कायदेशीर वाट मोकळी होती. १८६६ च्या एकविसाव्या कायद्यान्वये, धर्मांतरामुळे जोडीदार नांदावयास तयार नसल्यास ख्रिस्ती झालेल्या एतद्देशीयास न्यायालयामार्फत विवाह रद्द करवून घेता येत असे आणि दुसरे लग्न करता येत असे. टिळकांनी ती वाट धरली नाही. त्यांनी पत्रे लिहिली, भेटी घेतल्या आणि वाट पाहिली. पौलाच्या सातव्या अध्यायातील जोडीदाराविषयीचा उपदेश त्यांनी असा पाळला. लक्ष्मीबाईंनीही आपला निर्णय कोणाच्या दडपणाखाली घेतला नाही. त्या अहमदनगरला पतीजवळ राहू लागल्यावरही आरंभी त्यांचे सोवळे वेगळे, स्वयंपाक वेगळा. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हा विचार त्यांच्या मनात आपोआप उगवला, आणि मग त्यांनी विचार व आचार यांत अंतर ठेवले नाही. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांपूर्वी पतीने ज्या गोष्टीसाठी त्यांना दूर लोटले असे वाटत होते, तेथे त्या स्वतःच्या पायांनी चालत आल्या.

पुढचा त्यांचा संसार म्हणजे निम्मे घर आणि निम्मी धर्मशाळा. अनाथ मुले, विद्यार्थी, आजारी माणसे यांची सतत वर्दळ असे. बालकवी ठोंबरे हे काही काळ याच घरी मुलासारखे राहिले. १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळ भादली येथे आगगाडीखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. आयुष्याच्या अल्पतेचा हा धडा टिळकांच्या घरात पोरका शोक घेऊन आला.

त्याआधीच, सप्टेंबर १९१७ मध्ये, टिळकांनी आणखी एक पाऊल टाकले होते. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ती संन्यास स्वीकारला आणि ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांना तेथे एका पंक्तीत स्थान होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मिशनऱ्यांना संन्यास हा शब्द परका वाटला. मराठी माणसाला मात्र तो लगेच कळला. परंतु हा संन्यास शास्त्रातील चतुर्थाश्रम नव्हता. त्यात देहदंड नव्हता, पत्नीचा त्याग नव्हता. त्याग होता तो पगाराचा, संस्थेच्या आधाराचा आणि ‘माझे’ या शब्दाचा. बायको असून नसल्यासारखे राहावे, या पौलाच्या अवघड वाक्याचा हा मराठी अनुवाद म्हणता येईल.

आता या त्यागाचा भार कोणी उचलला, हेही पाहिले पाहिजे. खिशातले पैसे समोर येईल त्याला देऊन टाकणारा नवरा आणि संध्याकाळी चूल पेटवावी लागणारी बायको हे चित्र ‘स्मृतिचित्रे’त पुन्हा पुन्हा येते. लक्ष्मीबाई ते हसत हसत रंगवितात, तक्रार करीत नाहीत. तरी वाचकाला त्या हसण्यामागचे कष्ट दिसतात. टिळकांना संन्यासी होता आले, कारण घरात एक गृहिणी जागी होती. संसारी माणसाच्या भक्तीला जोडीदाराची जी मूक साथ लागते, ती इतक्या प्रांजळपणे मराठीत दुसऱ्या कोणी क्वचितच नोंदविली असेल.

संन्यासानंतर टिळकांना दोन वर्षेही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९०९ मध्ये आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुमारे साडेदहा अध्यायांवर थांबले होते. जिला लग्नानंतर पतीने अक्षरओळख दिली, त्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३३ मध्ये नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. ज्या नागपुरात नवऱ्याच्या लहरी सांभाळीत त्यांनी दिवस काढले, त्याच नागपुराने त्यांना हा मान दिला. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये निघाले, तेव्हा आरंभ करणारा आणि पुढे नेणारी, दोघेही हयात नव्हते.

वैदर्भीय परंपरेच्या शेजारी

टिळक–लक्ष्मीबाई यांची ही वाट जवळच्या वऱ्हाड-नागपूर भागातील संतांच्या शेजारी ठेवून पाहिली की अधिक उजळते. गाडगेबाबांनी १९०५ मध्ये घर सोडले. पत्नी आणि मुले मागे राहिली, आणि पुढील अर्धशतक त्यांनी खराटा व कीर्तन यांना वाहिले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आजन्म अविवाहित राहिले आणि गावालाच त्यांनी आपला प्रपंच मानले. माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज विवाहित होते, त्यांना पुत्रही होता. परंतु भक्तीच्या भूमिकेत ते स्वतःला श्रीकृष्णाची पत्नी मानीत. १९१५ मध्ये ते गेले तेव्हा अवघे चौतीस वर्षांचे होते. ख्रिस्ती परंपरेतही मंडळीला ख्रिस्ताची वधू म्हटले आहे, याचे इथे स्मरण होते. संसार सोडणे, संसार न मांडणे आणि संसारात राहून देवाशी लग्न लावणे, हे तिन्ही मार्ग या भूमीने एकाच काळात पाहिले.

या साऱ्यांत समान काय आहे? आयुष्य थोडे आहे ही जाणीव. ही जाणीव माणसाला दोन दिशांना नेऊ शकते. थोडे आहे म्हणून ते घट्ट धरून ठेवावे, ही एक दिशा. थोडे आहे म्हणून ते कोणाच्या तरी उपयोगी पाडावे, ही दुसरी. स्टीफन्स, फादर गोरे, रमाबाई, मनोरमा, टिळक आणि लक्ष्मीबाई ही सर्व माणसे दुसऱ्या दिशेची. त्यांपैकी कोणी आजन्म एकटे राहिले, कोणी मरणाने एकटे पडले, कोणी संसार केला. एकटे राहिले म्हणून ते थोर झाले नाहीत आणि संसार केला म्हणून लहानही झाले नाहीत.

मात्र या इतिहासातून एक कसोटी हाती लागते. भक्ताने देवासाठी काय सोडले, एवढेच पाहून भागत नाही. त्याच्या सोडण्याने ज्यांचे आयुष्य बदलले त्यांना आपला निर्णय घेण्याची मोकळीक आणि आपले म्हणणे मांडण्याची जागा मिळाली का, हेही पाहावे लागते. गोटमारीच्या आख्यायिकेतील मुलीला ती मिळाली नाही. रामदासांच्या मंडपातील नवरीला ती मिळाली की नाही, हे कथा सांगत नाही. एलेन गोरे यांना ती दूर देशी, परक्या भाषेतील गीतांतून मिळाली. मुक्तीतील मुलींना ती रमाबाईंनी मिळवून दिली. लक्ष्मीबाईंनी ती पाच वर्षे वाट पाहून, स्वतःच्या विचाराने मिळविली आणि पुढे सर्व मराठी वाचकांसाठी लिहून ठेवली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत सौंसर आणि पांढुर्णा हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सीमा बदलल्या तरी येथील लग्नांत मंगलाष्टके मराठीतच म्हटली जातात, येथील चर्चमध्येही विवाह लागतात, आणि ‘सावधान’ हा शब्द अक्षतांच्या गडबडीत आजही विरून जातो. तो कानी पडलाच तर त्याचा एकच अर्थ आहे असे मानण्याचे कारण नाही. बोहल्यावरून निघून जाणाऱ्याला तो लागू आहे, तितकाच तो बोहल्यावर उभे राहणाऱ्या दोघांनाही लागू आहे: मिळालेला काळ थोडा आहे आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचाही तो तितकाच थोडा आहे.